‘जुनं उकरू नका’ म्हणणाऱ्या मॅडमना काय सांगू?

वाचकाचं पत्र:

ताई नमस्कार, मी वयाने लहान आहे, मला ‘तू’च म्हणा. मी मुलांच्या एका निवासी संस्थेत समुपदेशक आहे. आमच्याकडची बरीचशी मुलं घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार, अपघात, आईवडिलांचा मृत्यू असं काही ना काही सोसून आलेली आहेत. आठवड्यातून एकदा प्रत्येकाला भेटते, चित्रं काढतो, खेळतो, गप्पा मारतो, मुलांना खूप आवडतं. पण त्यांना खरंच बरं वाटतंय का ते मला कळत नाही. ट्रॉमावरचा, म्हणजे मनावर झालेल्या आघातांवरचा रिसर्च वाचायला घेतला तर डोकं गरगरलं. आमच्या सिनियर मॅडम म्हणतात जुनं उकरू नकोस, मुलं विसरतात, आणि रिसर्च हा मोठ्या क्लिनिकवाल्यांसाठी असतो. एक ९ वर्षांचा मुलगा कित्येक महिने गाड्या आपटण्याचा एकच खेळ खेळतोय, मॅडम म्हणतात खेळातून बाहेर पडतंय ते, पडू दे. एका मुलीला गोळ्या सुरू करायचं चाललंय. आणि वर देणगीदारांना रिपोर्ट हवाय की तुमच्या कामाने काय फरक पडतो. मी सुरुवात कुठून करू?

उत्तर:

अगं, गोंधळलेय म्हणतेस पण प्रश्न एकदम नेमके विचारलेयस. जे तुला थोडं टोचेल तेच आधी सांगून टाकते. मुलांना तुझं सेशन आवडतं हे छानच आहे, पण आवडणं वेगळं आणि बरं होणं वेगळं, आणि या दोन्हींची गल्लत या क्षेत्रात भल्याभल्यांनी केलीय. नव्वदच्या दशकात अमेरिकेत फोर्ट ब्रॅग नावाच्या लष्करी तळावर सैनिकांच्या मुलांसाठी मानसिक आरोग्याची अगदी भरगच्च सेवा उभी केली होती, लागेल ते सगळं एकाच छताखाली आणि पैशाला हात आखडता नाही. लिओनार्ड बिकमन नावाच्या संशोधकाच्या टीमने तिची तुलना दुसऱ्या तळांवरच्या मुलांशी केली, ज्यांना नेहमीची साधी सेवा मिळत होती. फोर्ट ब्रॅगच्या मुलांना मदत लवकर मिळाली, जास्त मिळाली, आईवडील खूश होते, खर्च भरपूर वाढला, आणि मुलांच्या त्रासात फरक किती पडला तर दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. सगळे मनापासून काम करत होते गं, आळशी कोणीच नव्हतं. फक्त खोलीत जे चाललं होतं ते मुलाच्या नेमक्या त्रासावर काम करणारं आहे का, हे कोणी तपासत नव्हतं.

म्हणून माझ्या मते तुझ्यासारखीला रिसर्चचा उपयोग एवढाच की पुढच्या सेशनमध्ये काय वेगळं करायचं आणि काय बंद करायचं ते कळावं. पद्धतींची लघुरूपं पाठ नसली तरी काही अडत नाही.

आता मॅडम. त्या अर्ध्या बरोबर आहेत, आणि तो अर्धा भाग तू आधी त्यांच्यासमोर मान्य करून टाक, पुढचं बोलणं सोपं जाईल. काही वाईट घडलं की मुलाला लगेच धरून बसवायचं आणि सगळं सविस्तर बोलायला लावायचं, याला डीब्रीफिंग म्हणतात, एकेकाळी याचं फार प्रस्थ होतं. २००६ मध्ये पॉल स्टॉलर्ड आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, रस्ता अपघातात सापडलेली ७ ते १८ वयाची १५८ मुलं, एका गटाशी अपघाताबद्दल एकदाच बसून सविस्तर बोलले आणि दुसऱ्या गटाशी अपघात सोडून इतरच गप्पा. काही महिन्यांनी बघितलं तर दोन्ही गट बरेच सुधारलेले, आणि सारखेच. म्हणजे त्या बोलण्याने वेगळं असं काही झालं नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर असं डीब्रीफिंग करूच नका असं लिहिलंय. शिवाय बरीच मुलं खरोखरच आपली आपण सावरतात. २०१४ मध्ये एव्हा अलिसिक आणि सहकाऱ्यांनी ठिकठिकाणचे अभ्यास एकत्र केले, त्यात एकूण ३५६३ मुलं होती, तर मोठा आघात सोसलेल्या मुलांपैकी साधारण १६ टक्के मुलांना पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास, आठवणी, दचकणं, टाळणं वगैरे) झालेला दिसला, सहातलं एक म्हण हवं तर. म्हणजे प्रत्येक दुखावलेल्या मुलाला थेरपीच्या खुर्चीत बसवायचं कारण नाही, हे मॅडमचं म्हणणं रिसर्चलाही मान्य आहे.

पण त्याच अभ्यासात पुढे जाऊन बघ. अपघात किंवा नैसर्गिक आपत्तीसारख्या आघातानंतर मुलांमध्ये, म्हणजे मुलग्यांमध्ये, हे प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास, आणि माणसानेच माणसाला केलेला त्रास असेल, मारहाण अत्याचार वगैरे, तर मुलींमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास. तुमच्याकडे येणारी मुलं बहुतेक या दुसऱ्या टोकाची. आणि आपोआप सावरणं जे होतं ते मुख्यतः पहिल्या सहा महिन्यांत होतं, त्यानंतरही त्रास टिकून असेल तर तो नुसत्या वेळेने जाईल असं धरता येत नाही. तुमच्या संस्थेत वर्षभर, दोन वर्षं राहिलेली मुलं असणारच, त्यांच्या बाबतीत ‘विसरतील हळूहळू’ म्हणणं म्हणजे फक्त थांबून राहणं झालं.

मग आता खरा मुद्दा, उकरायचं की नाही. ज्युडिथ कोहेन, एस्थर डेब्लिंजर आणि अँथनी मॅनरिनो या तिघांनी मुलांसाठी एक पद्धत बसवली, तिला टीएफ-सीबीटी म्हणतात, म्हणजे आघातावर नेमकं काम करणारी, विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी, तू वाचलंच असशील. २००४ मध्ये त्यांचा एक मोठा अभ्यास आला, लैंगिक अत्याचार सोसलेली ८ ते १४ वयाची २२९ मुलं, त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त मुलांनी त्याखेरीज आणखीही काही भोगलेलं. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला टीएफ-सीबीटी आणि दुसऱ्या गटाला अशी थेरपी की ज्यात मूल जे आणेल त्यावर बोलायचं, ऐकून घ्यायचं, विश्वास द्यायचा, विषय आपण काढायचा नाही, म्हणजे थोडक्यात तू आत्ता जे करतेस तेच. दोन्ही गट सुधारले (हे लक्षात ठेव, तुझं काम वाया गेलेलं नाही), पण टीएफ-सीबीटीचा गट पीटीएसडीची लक्षणं, उदासपणा, शरम, वागण्यातले प्रश्न या सगळ्यात जास्त सुधारला. नॉर्वेमध्ये २०१४ साली साध्या नेहमीच्या क्लिनिकमधल्या १५६ मुलांवर असाच अभ्यास झाला, तिथेही नेहमीच्या थेरपीपेक्षा ही पद्धत सरस ठरली.

आणि यात ‘उकरणं’ जे म्हणतात ते मॅडमना वाटतं तसं नसतंच मुळी. पहिल्या काही सेशन्समध्ये त्या घटनेचा तपशील सांगायला लावत नाहीत. आधी मुलाला सांगायचं की असं झाल्यावर वाईट स्वप्नं पडणं, दचकणं, चिडणं, पोटात दुखणं हे होतं, तू वेडा नाहीस, बाकी मुलांनाही होतं. मग शरीर शांत कसं करायचं ते, मग भावनांना नावं द्यायला शिकवायचं, मग ‘माझ्यामुळेच झालं’ असले विचार कसे पकडायचे ते. एवढी तयारी झाली की हळूहळू, थोडं थोडं करत, मूल आपली गोष्ट सांगतं, लिहितं किंवा चित्रात काढतं, आणि ती पुन्हा पुन्हा वाचताना तिची धार कमी होत जाते. शेवटी जवळच्या मोठ्या माणसासमोर ती सांगायची, आणि पुढे सुरक्षित कसं राहायचं त्यावर बोलायचं. साधारण १२ ते १६ सेशन्स. याची नुसती ‘सांग बाळा काय झालं होतं’ याच्याशी बरोबरी करणं चूक आहे, ते नुसतं विचारणं मलाही मान्य नाही.

अर्थात गोष्ट सांगणं हीच एक जादू आहे असंही समजू नकोस हां. डेब्लिंजरच्याच २०११ च्या अभ्यासात ४ ते ११ वयाच्या मुलांना गोष्ट सांगण्याच्या भागासकट आणि त्या भागाशिवाय अशा दोन्ही तऱ्हेने ही थेरपी दिली, सगळेच सुधारले, भीती आणि चिंता मात्र गोष्ट असलेल्या आठ सेशन्सच्या गटात जास्त कमी झाली, तर वागण्यातली दांडगाई गोष्ट नसलेल्या सोळा सेशन्सच्या गटात जास्त कमी झाली कारण तिथे पालकांसोबतच्या कामाला जास्त वेळ मिळाला. श्रीलंकेत त्सुनामीनंतर ३१ मुलांवर केलेल्या एका छोट्या अभ्यासात आपली गोष्ट सांगण्याची पद्धत आणि ध्यान-रिलॅक्सेशन यांच्यात फारसा फरकच निघाला नाही, दोन्हीकडची बहुतेक मुलं सहा महिन्यांत सावरली. मी हे मुद्दाम सांगतेय, नाहीतर उद्या तू एका पद्धतीची भक्त होशील आणि मॅडम दुसऱ्या, आणि मुलं राहतील बाजूला. घाबरण्यावर काम हवंय की वागण्यावर, ते त्या त्या मुलाकडे बघूनच ठरवावं लागतं.

आणि ते कळायला मुलाला विचारावं लागतं. इथे बहुतेक संस्था कमी पडतात असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या माणसांना विचारून मुलाची लक्षणं कळत नाहीत, आईवडीलसुद्धा आपल्या मुलाचा पीटीएसडी कमीच सांगतात असं अभ्यासात वारंवार दिसलंय, मग तुमच्या वॉर्डनना डोळ्यांपुढे तीसचाळीस मुलं असताना काय कळणार. जे मूल आदळआपट करतं ते दिसतं, जे गप्प असतं ते ‘शहाणं’ ठरतं. वर्गात लक्ष नाही, सारखं चुळबुळतंय म्हणून एडीएचडी (लक्ष न लागण्याचा, अतिचंचलपणाचा विकार) म्हटलेल्या काही मुलांत खरं तर सतत सावध राहण्याची सवय असते, कुठून काय येईल म्हणून, आणि हे विचारल्याशिवाय वेगळं काढता येत नाही.

विचारायला मोठा खटाटोप लागत नाही. क्राइज-८ नावाचा आठ प्रश्नांचा फॉर्म आहे, साधारण आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी. न बोलावता आठवण येते का, त्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळतोस का, असले साधे प्रश्न. प्रत्येक उत्तराला ०, १, ३ किंवा ५ गुण, म्हणजे जास्तीत जास्त ४०, आणि १७ किंवा त्याहून जास्त आले तर नीट तपासणी करायला हवी असं धरतात. तो वापरायला फुकट आहे आणि खूप भाषांमध्ये भाषांतर झालेला आहे, तेव्हा स्वतः बसून भाषांतर करू नकोस, आधी तयार आहे का बघ. हा फॉर्म निदान करत नाही, फक्त कोणाकडे आधी बघायचं ते सांगतो. आणि फॉर्म हातात घ्यायच्या आधी दोन गोष्टी ठरवून ठेव, मुलाने आत्ताही चालू असलेल्या अत्याचाराबद्दल सांगितलं तर तू कोणाला आणि किती वेळात कळवणार, आणि मरावंसं वाटतं म्हणालं तर त्याच दिवशी कोणत्या डॉक्टरकडे नेणार. ही उत्तरं नसतील तर फॉर्म आठवडाभर उशिरा भर पण आधी हे ठरव. सहा वर्षांच्या आणि त्याहून लहान मुलांसाठी प्रश्न विचारण्याची पद्धतच वेगळी लागते, त्यांची लक्षणंही वेगळी दिसतात, म्हणून २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) त्यांचे निकष स्वतंत्र दिलेत, त्यांना हा फॉर्म लावू नकोस.

जाता जाता एक, कोणीतरी तुला सांगेल की एसीई स्कोअर काढ, लहानपणीचे वाईट अनुभव मोजायचे आणि आकडा आला की धोका कळतो. तो आकडा मोठ्या लोकसंख्येच्या अभ्यासासाठी होता, एकेका मुलाचं भविष्य सांगायला नाही, आणि हे त्या मूळ अभ्यासातल्या रॉबर्ट अँडा यांनी स्वतः २०२० मध्ये लिहिलंय. एखाद्या मुलाच्या फाईलवर ‘एसीई ७’ असं लिहून ठेवलं की पुढचा प्रत्येक माणूस त्या मुलाकडे त्याच नजरेने बघतो, मला तर हे अजिबात आवडत नाही. चित्रांचंही तसंच. चित्र काढता काढता मुलं जास्त बोलतात हे खरंय, त्यासाठी चित्रं चालूच ठेव, पण काळा रंग वापरला म्हणजे अमुक, हात नाही काढले म्हणजे तमुक, असले अर्थ काढायला पुराव्याचा आधार नाही.

आता तुझा तो गाड्यांवाला मुलगा. १९७६ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियातल्या चाउचिला गावात शाळेच्या बसमधली २६ मुलं बंदुकीच्या धाकाने पळवून नेली होती आणि त्यांना जमिनीखाली पुरलेल्या ट्रकच्या खोक्यात कोंडलं होतं, तिथून ती आणि बसचा ड्रायव्हर स्वतःच बाहेर पडले. अंगावर फारशा जखमा नव्हत्या म्हणून मुलं ठीक आहेत असं सगळ्यांना वाटलं. लिनोर टेर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ काही महिन्यांनी तिथे गेल्या, एकेका मुलाशी स्वतः बोलल्या, चार-पाच वर्षांनी पुन्हा गेल्या, आणि तेव्हाही प्रत्येक मुलात त्या घटनेचा काही ना काही परिणाम होताच. त्यांनी जे टिपून ठेवलं त्यातली एक गोष्ट तुझ्या कामाची आहे. आघातानंतरचा खेळ वेगळा असतो. तोच तो, त्याच क्रमाने, शेवट न बदलता, आणि त्यात मजा नसते. मूल खेळतंय पण हसत नाही, खेळ संपल्यावर हलकं होण्याऐवजी जास्त ताणलेलं दिसतं. असा खेळ नुसता चालू राहू दिला तर भीती कमी होतेच असं नाही, काही मुलांची वाढतेसुद्धा.

तेव्हा ‘बाहेर पडतंय’ म्हणण्याआधी तू बघ की गोष्ट पुढे सरकतेय का. गाडी आपटल्यावर कधी कोणी मदतीला येतं का, जखमी माणूस कधी वाचतो का, खेळ कधी दुसरीकडे वळतो का. महिनोनमहिने काहीच बदललं नसेल तर नुसतं बघत बसू नकोस. आधी त्याच्यासोबत शांत होण्याची एखादी युक्ती पक्की कर, आणि मग खेळात हळूच शिर, अँब्युलन्स आणू का विचार, नाही म्हणाला तर आणू नकोस, पुढच्या वेळी पुन्हा विचार. आणि खेळाच्या बाहेर, साध्या शब्दांत, ‘तुझ्या फाईलमध्ये लिहिलंय की अपघात झाला होता, त्याच्या आठवणी येतात का रे?’ एवढं विचारायला हरकत नाही. आपण त्याचं नाव काढलं म्हणजे त्याला ते आठवतं असं नसतं, त्याला ते आठवतच असतं, फक्त याबद्दल बोललेलं चालतं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

मोठ्या क्लिनिकचा मुद्दा तर सगळ्यात सोपा आहे. झांबियात, लुसाका शहरात, लॉरा मरी आणि सहकाऱ्यांनी ५ ते १८ वयाच्या २५७ मुलांवर अभ्यास केला, तो २०१५ मध्ये छापून आला. थेरपी देणारे मानसशास्त्राची पदवी घेतलेले नव्हते, तिथलेच प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते होते. टीएफ-सीबीटी मिळालेल्या मुलांची ट्रॉमाची लक्षणं जवळपास ८२ टक्क्यांनी कमी झाली, नेहमीची मदत मिळालेल्यांची २१ टक्क्यांनी. नंतर केनिया आणि टांझानियात आई किंवा वडील किंवा दोघंही गमावलेल्या ६४० मुलांवर असंच काम झालं, तेही गटागटाने, मुलांचा एक गट आणि सांभाळणाऱ्या मोठ्यांचा वेगळा गट, २०२० मध्ये त्याचे निकाल आले तर चारपैकी तीन ठिकाणी थेरपीचा गट पुढे होता. चौथ्या ठिकाणी, ग्रामीण टांझानियात, नव्हता, आणि हे त्यांनी लपवलं नाही म्हणून मला तो अभ्यास जास्तच आवडतो. मॅडमना हे दोन अभ्यास दाखव. फक्त एक खोच आहे, त्या कार्यकर्त्यांना दोन दिवसांची कार्यशाळा करून, सर्टिफिकेट देऊन सोडून दिलं नव्हतं. सुरुवातीच्या केसेसपासून दर आठवड्याला कोणीतरी त्यांच्या कामावर नजर ठेवून चुका सांगत होतं. नुसत्या कार्यशाळेने थेरपिस्टचं वागणं फारसं बदलत नाही हे वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलंय, ज्ञान वाढतं, खोलीतलं काम तसंच राहतं. तेव्हा संस्थेकडे ट्रेनिंग मागायचंच असेल तर कार्यशाळेचे पैसे कमी आणि दर आठवड्याच्या सुपरव्हिजनचे जास्त मागून घे, फोनवरून झालं तरी चालेल.

तुमच्याकडे आईवडील नाहीत म्हणून सांभाळणाऱ्यांचा भाग सोडून देशील, तो सोडू नकोस. प्रत्येक मुलामागे संस्थेतलं एक माणूस निवड, ज्याच्याकडे मूल आपणहून जातं असं, मग ती वॉर्डन असो की स्वयंपाकघरातल्या काकू. त्यांना मुलाची गोष्ट सांगायची गरज नाही, मुलाच्या परवानगीशिवाय तर नाहीच. पण रात्री दचकून उठलं तर काय करायचं, अंगावर ओरडलं तर ते मुद्दाम नाही हे कसं ओळखायचं, चांगलं वागलं की लगेच कसं बोलून दाखवायचं, एवढं शिकव. आठवड्याचं तुझं एक सेशन आणि बाकी सगळे दिवस मूल त्यांच्यासोबत, हिशोब तूच कर.

गोळ्यांचं थोडक्यात सांगते. पीटीएसडीसाठी मुलांना औषध देण्यामागचा पुरावा मोठ्यांच्या मानाने फारच कच्चा आहे. सर्ट्रालिन हे मोठ्यांना दिलं जाणारं औषध १३१ मुलांवर तपासलं तेव्हा (२०१०) ते साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, आणि नाइसने तर १८ वर्षांखालच्यांना पीटीएसडीसाठी औषध देऊ नका असंच म्हटलंय. पण त्या मुलीला पीटीएसडीसाठीच देतायत की तीव्र नैराश्य किंवा आणखी कशासाठी, हे तुला मला माहीत नाही, म्हणून डॉक्टरांना सरळ विचार की निदान काय आहे, आधी थेरपी करून बघता येईल का, आणि फरक पडतोय हे आपण कशावरून ठरवणार. सुरू झालेली गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

राहिला रिपोर्ट. इथे तुझं आणि देणगीदारांचं काम एकाच गोष्टीत होईल, ती म्हणजे मोजणं. मघाच्याच बिकमन यांनी २०११ मध्ये आणखी एक अभ्यास केला, ३४० मुलं, सगळ्यांच्या लक्षणांचे फॉर्म भरून घेतले, पण काही थेरपिस्टना त्याचे निकाल दर आठवड्याला दाखवले आणि काहींना तीन महिन्यांनी एकदाच. ज्यांना दर आठवड्याला दिसत होतं त्यांची मुलं लवकर सुधारली. ताप न मोजता औषध बदलत राहावं तसं आपण बरेचदा काम करतो, मूल आज हसलं म्हणजे बरं आहे, आज चिडलं म्हणजे बिघडलं. तू दर आठवड्याला नाही तरी दर महिन्याला तोच आठ प्रश्नांचा फॉर्म भरून घे आणि मुलासोबतच बघ, मुलांना आपला आकडा खाली जाताना बघायला आवडतं. दोन-तीन वेळा खाली आला नाही तर त्या मुलासाठी वेगळं काहीतरी करायची वेळ झाली, वाट बघण्याची नाही.

रिपोर्टमध्ये मात्र ‘आमच्यामुळे मुलं सुधारली’ असं लिहू नकोस. वर सांगितलं ना, झांबियात नेहमीची मदत मिळालेल्यांचीही लक्षणं कमी झाली होती, काही सुधारणा वेळेने होते, काही सुरक्षित जागा मिळाल्याने होते. तुमच्याकडे तसंही सगळ्यांना एकदम वेळ देता येत नसेल, तर वाट बघणाऱ्या मुलांचेही फॉर्म भर (ज्यांचा आकडा खूप जास्त त्यांना मात्र थांबवायचं नाही, त्यांचा नंबर आधी), म्हणजे निदान अंदाजे तुलना करता येईल. किती मुलं मध्येच सोडून गेली ते लिही, कोणाचं बिघडलं ते लिही. बिघडू शकतं गं, श्रीलंकेत शाळांमधल्या एका कार्यक्रमाचा ३९९ मुलांवर अभ्यास झाला होता (२०१२), एकूण सगळ्या मुलांचा मिळून मुख्य लक्षणांत फायदा दिसलाच नाही, उलट कार्यक्रमातल्या मुलींची पीटीएसडीची लक्षणं वाट बघणाऱ्या मुलींइतकीसुद्धा कमी झाली नाहीत. चांगल्या हेतूने केलेलं सगळं किमान निरुपद्रवी असतं हा समज त्यामुळे माझ्या डोक्यातून तरी कायमचा गेला. आणि मुलांचे फोटो, त्यांची ‘हृदयस्पर्शी कहाणी’ वगैरे रिपोर्टात अजिबात नको, देणगीदार मागतील, तरी नको. नावाशिवायचे आकडे द्यायचे. उद्या कुठे छापायचं किंवा परिषदेत मांडायचं मनात आलं तर तो रिसर्च झाला, त्याला नैतिक समितीची आणि पालक किंवा जबाबदार व्यक्तीची आणि मुलाची परवानगी आधी लागते, नंतर घेऊन चालत नाही.

वाचनाचं सांगायचं तर सुटे पेपर वाचणं सध्या बंद कर, म्हणूनच गरगरलं तुला. आधी नाइसच्या त्या सूचना वाच, फुकट मिळतात, त्यात शेकडो पेपरांचं सार आलंय. एखादा पेपर वाचलाच तर निष्कर्षावर उडी मारू नकोस, तुलना कोणाशी केलीय ते आधी बघ. काहीच न मिळालेल्यांशी तुलना असेल तर जवळजवळ कुठलीही थेरपी चांगली दिसते, दुसऱ्या चांगल्या थेरपीशी तुलना असेल तर खरं कळतं. आणि त्यातली मुलं तुझ्या मुलांसारखी होती का. एकच अपघात झालेल्या, घरी प्रेमळ आईवडील असलेल्या मुलांवरचं सगळंच्या सगळं तुमच्याकडे लागू होईल असं नाही.

मॅडमशी भांडू नकोस. त्यांची भीती खोटी नाही, मूल रडायला लागलं आणि सावरायला कोणी नसलं तर काय, ही भीती अनुभवी माणसालाच वाटते. त्यांना म्हण की सहा मुलं द्या मला, तुम्हाला योग्य वाटतील तीच निवडा, चार महिने करू, दर महिन्याचा आकडा तुम्हाला आधी दाखवीन, कोणाचं बिघडतंय वाटलं तर थांबू. गाड्यांवाला मुलगा त्या सहांत घे. पहिला फॉर्म भरून झाला की मला कळव, मुलांची नावं न टाकता, सगळ्यांचे आकडे १७ च्या खाली आले तरी कळव, मग त्या खेळाकडे आपण वेगळ्या तऱ्हेने बघू.